ढवळीची खबर

मुंबई, ता. २७ एप्रिल १९३३

तीर्थरूप गोमाजीकाका,

तुमच्या आणि काकीच्या पायांवर डोके ठेवून लिहितो. हे पत्र आपल्या वाडीच्या भिकूच्या हाती देतो आहे, आणि पत्राबरोबर एक झाकणाची टोपली. उघडताना घाबरू नका. आत कुत्री आहे. वय सहा वर्षे, आणि याहून मोठी होणार नाही. नाव डॉली. माझ्या बाईसाहेबांची आहे. हिच्या जातीला पॉमेरेनियन म्हणतात, साहेबलोक हौसेने पाळतात.

बाईसाहेब, म्हणजे सौदामिनीबाई नवलकर, मुलाला शिकायला पोचवायला फेब्रुवारीत विलायतेला गेल्या, त्या दिवाळीला येतील. बंगल्यावर मी आणि माळी. जाताना म्हणाल्या, "महिपत, डॉली मला धडधाकट परत दिलीस तर मागल्या फाटकाजवळची खोली तुझी. बायकोला घेऊन ये." काका, माझ्या लग्नाला चार वर्षे झाली आणि आवडी अजून तुमच्याच घरी आहे. तेव्हा ही कुत्री म्हणजे माझी खोली समजा आणि तशी जपा.

तिची दुखणी पुष्कळ. चालताना, भुंकताना मान लांबवून फाटक्या भात्यासारखी खोकते. डॉक्टर म्हणतात, या बारक्या जातीची श्वासनळीच लेचीपेची. मागच्या डाव्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते, मग तीन पायांवर चालते. आणि दात तर लहानपणापासून किडके, पाच दात मार्चमध्ये काढले. म्हणून हाड अजिबात देऊ नका. मऊ भात आणि उकडलेले मटण बोटभर. डॉक्टर एका खेपेला पाच रुपये घेतो, दातांचे पंधरा झाले, खोकल्याचे औषध आठवड्याला साडेतीन.

मुंबईच्या उकाड्यात खोकला वाढतो, म्हणून बाईंना कळवूनच डोंगरावरच्या हवेला पाठवतो आहे.

आपला,
महिपत

ता. क. गळ्यातला पट्टा हरवू नका. त्याच्या पितळी चकतीवर बाईंचे नाव आणि बंगल्याचा पत्ता आहे.


माथेवाडी, पोलादपूर, ता. ३ मे

चि. महिपत,

आशीर्वाद घरात भरपूर आहेत, ते पुढे केव्हाही मोजून घे. आधी तुझ्या टोपलीचे सांगतो, कारण ती आल्यापासून मला घडीभर टेकता आलेले नाही.

भिकू शनिवारी दुपारी वर आला. अंगणात टोपली ठेवली, झाकण काढले, तसा आतून पिंजलेला कापूस चालत बाहेर आला. तुझी काकी म्हणाली, "अगो बाय, ह्याला डोळं पन हायत!" शेजारचा हैबती बघायला आला होता. तो म्हणतो, "गोमाजी, हिची राखण कशी करशील? घारीनं उचलली तरी तुला कळायचं नाय." त्याला हसायला काय जाते? तेव्हापासून आभाळात घार फिरली की मी हातातले काम टाकून अंगणात येतो. संध्याकाळ झाली की बिबट्याची धास्ती. दार लावून, कडी दोनदा चाचपून मग जेवायला बसतो, आणि जेवताना पुन्हा उठतो.

डॉली हे नाव कोणाच्या जिभेवर बसले नाही. आवडीने ढवळी म्हटले, आणि कुत्री वळून बघायला लागली.

पहिले दोन दिवस तिच्या खोकल्याने मला घास गिळू दिला नाही. मी नुसता बघत होतो. भिकूने पट्ट्याला दोरी लावून खुंटीला बांधली होती. ती दोरीला ओढ देई आणि खोकला सुरू होई. मोकळी असली की कमी. मानेला जुपणी घट्ट बसली की बैल असाच धापा टाकतो. मी म्हटले, नळी लेचीपेची असेल तर तिच्यावरच फास कशाला? पट्टा काढला. आवडीच्या जुन्या लुगड्याची पट्टी छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून बांधली आणि दोरी पाठीवर घेतली. खोकला रुपयात बारा आणे उतरला. तुझ्या पाच रुपयेवाल्या डॉक्टरने कधी बैल जुंपलेला नसावा.

गुडघ्याची वाटी आवडी बसवते. पाय हलकेच मागे ताणते आणि अंगठ्याने वाटी जागेवर लोटते. दातांचे म्हणशील तर भात कुस्करून देतो, म्हातारीला द्यावा तसा.

आता मनाला लागलेली गोष्ट. आपल्याकडे दुसऱ्याची गाय अर्धेलीने राखायला घेतली तर मालक स्वतः येऊन दावे हातात देतो. वासरांत निम्मा वाटा राखणाऱ्याचा. पण जनावर आजारी पडले की मालकाला लगेच खबर द्यायची, आणि मेले तर कान कापून दाखवायचा. खबर न देता जनावर गेले तर राखणाऱ्याला लोक चोर म्हणतात. मी पन्नास वर्षे लोकांची गुरे राखली, मला कोणी तसे म्हटलेले नाही. ढवळीचे दावे माझ्या हातात तू दिलेस, बाईंनी नाही. त्यांच्या हातच्या दोन ओळी पाठव.

आणखी एक. फेब्रुवारीपासून तुझी मनीऑर्डर नाही. मी विचारत नाही. आवडीही विचारत नाही, पण टपालवाला पोलादपूरहून वर आला की ती हातातला हंडा खाली ठेवून उभी राहते, आणि तो गेला की उचलते.

तुझा काका,
गोमाजी


मुंबई, ता. २० मे

तीर्थरूप काका,

पट्ट्याचे वाचून मी फाटकाच्या पायरीवर बसून हसलो. माळी विचारतो, लॉटरी लागली का? साडेतीन रुपयांच्या बाटल्यांनी जे झाले नाही ते लुगड्याच्या पट्टीने झाले!

बाईंच्या ओळी मागवल्या आहेत. विलायतेचे टपाल, वेळ लागतो. तुम्ही मात्र त्यांना परस्पर लिहू नका. खोकला हा शब्द वाचला तरी त्या अन्न टाकतात.

पैशांचे पुढल्या महिन्यात बघतो. आवडीला सांगा, मी बरा आहे.

महिपत


मुंबई, ता. ९ जून

तीर्थरूप काका,

घाईने लिहितो. एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. या महिन्यात डॉलीचे माजाचे दिवस येतात, पंधरा-वीस दिवस चालतात. तेवढे दिवस तिला घरात कोंडून ठेवा. गावच्या कुत्र्यांची सावली पडू देऊ नका. बाई अशा वेळी तिला आपल्या खोलीत कुलूप लावून ठेवतात. कृपा करून हे पत्र मिळताच दार लावा.

महिपत


माथेवाडी, ता. २२ जून

चि. महिपत,

तुझे नऊ तारखेचे पत्र काल, एकवीसला मिळाले. पोलादपूरच्या पलीकडची रस्त्याची मोरी वाहून गेली आणि टपाल महाडला पडून राहिले. पण वेळेवर आले असते तरी उशीरच होता.

सात तारखेला सकाळी हैबतीचा खंड्या कुंपणावरून आत आला. तू मुंबईला गेल्यानंतरचा कुत्रा आहे तो. उंचीला शेळीएवढा, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आवडी केरसुणी घेऊन धावली, मी काठी घेऊन धावलो, काकी नुसतीच धावली. व्हायचे ते होऊन गेले. हैबती वर तोंड करून म्हणतो, "गोमाजी, आता आपन व्याही झालो. मानपानाचं काय?" मी म्हटले, "मानपान तुझ्या पाठीत देतो, वाक जरा." लोक हसले. मीही हसलो. घरी आलो आणि कुंपणाची ती जागा काट्यांनी बुजवत बसलो.

तुझ्या बाई कुलूप लावतात, ते तुला एप्रिलमध्ये आठवले नाही? कुत्रीच्या सगळ्या दुखण्यांचा पाढा लिहिलास, डॉक्टरच्या आण्यापैचा हिशेब दिलास, आणि हे राहिले?

गाभण आहे की नाही ते आणखी पंधरवड्याने कळेल. बाईंच्या ओळी अजून आल्या नाहीत.

गोमाजी


मुंबई, ता. २ जुलै

तीर्थरूप काका,

तुमचे पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मी डॉक्टरकडे गेलो. त्याने आधी खेपेचे पैसे घेतले आणि मग सांगितले, की एवढ्याशा कुत्रीच्या पोटात थोराड कुत्र्याची पिल्ले वाढली तर ती बाहेर येत नाहीत. या जातीचे हाड अरुंद आणि पिल्लाचे डोके मोठे, आपल्याच जातीच्या नराची असली तरी अडतात. पोट फाडून काढावी लागतात. साठ रुपये, आणि तरी जगण्याची हमी नाही.

काका, तुम्हाला झाडपाला ठाऊक आहे. गाभ पडेल असे काहीतरी आत्ताच द्या. बाईंना मी विचारले आहे, त्यांची हरकत नाही. त्या म्हणतात, काकांना योग्य वाटेल ते करा.

खोलीचे तर सोडाच, डॉली मेली तर माझी नोकरीही जाईल. आवडीला यातले काही सांगू नका.

महिपत


माथेवाडी, ता. १३ जुलै

महिपत,

गाभण आहे. पोटाला हात लावला की कळते.

मंगळवारी मी ढवळीला टोपलीत घालून, वर घोंगडी घेऊन महाडला चालत गेलो. मोटारी बंदच आहेत. तिथे दौऱ्यावर गुरांचे डॉक्टर आले होते. तरुण माणूस, पण हात चांगला. बैलांची रांग थांबवून त्यांनी ढवळीला टेबलावर घेतले. मी खंड्याची उंची हाताने दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. म्हणाले, "आजोबा, पिल्लं एक-दोनच असावीत, आणि तीच वाईट गोष्ट. कमी असली की मोठी होतात. आता औषध देऊन पाडलीत तर आईही जाईल. दिवस भरत आले की मुंबईला न्या. नेता आली नाही तर हात स्वच्छ ठेवा, तेल वापरा, ओढायचं ते तिच्या कळेबरोबर ओढा." पैसे विचारले तर हसले आणि पुढचा बैल आणायला सांगितला.

तेव्हा झाडपाला मी देणार नाही. डॉक्टरांनी सांगितले नसते तरी दिला नसता.

आता तुझ्या बाईंचे. बावीस जूनला मी तुला लिहिले. दोन जुलैला तू लिहितोस, बाईंना विचारले आणि त्यांचे उत्तर आले. विलायत म्हणजे काय शेजारचे नाते गाव आहे, की सकाळी महाडहून निघालो आणि दुपारी परत आलो? तू मे महिन्यात म्हणालास की टपालाला वेळ लागतो. वेळ तुझ्या सोयीने लागतो का? माझी खात्री झाली आहे की बाईंना यातले काहीच ठाऊक नाही.

एवढे विचारलेच आहे तर उरलेलेही विचारतो. बाईंनी कुत्रीच्या औषधपाण्याला पैसे ठेवले असतीलच. ते कुठे आहेत? तुझा पगार कुठे जातो? परवा विहिरीवर कोणीतरी आवडीला म्हणाले, "मुंबईला दुसरी चूल मांडली असंल." ती घागर भरून घरी आली, आणि ठेवून पुन्हा रिकामीच घेऊन निघाली. मी हाक मारली तेव्हा भानावर आली.

जनावराचा जीव धोक्यात आहे आणि मालकाला खबर नाही, असे माझ्या हातून होणार नाही. पट्ट्याच्या चकतीवर पत्ता आहे. उद्या मी बाईंना लिहितो.

गोमाजी


माथेवाडी, पो. पोलादपूर, ता. महाड, जि. कुलाबा
ता. १४ जुलै

सौ. सौदामिनीबाईसाहेब नवलकर यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी गोमाजी कळंबे, तुमच्या महिपतचा काका. तुमची डॉली एप्रिल अखेरपासून माझ्या घरी आहे. तिची खबर देण्यासाठी लिहितो.

खोकला जवळजवळ गेला, कारण गळ्यातला पट्टा काढून छातीला पट्टी बांधली. पट्टा माझ्याकडे जपून आहे. हिरड्या बऱ्या आहेत. वाटी आठवड्यातून एकदा सरकते, ती माझी सून बसवते. हे चांगले सांगून झाले.

वाईट हे की सात जूनला आमच्या निष्काळजीपणाने शेजारच्या मोठ्या कुत्र्यापासून ती गाभण राहिली. दोष माझा. जनावर माझ्या दारात होते. ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास विईल आणि अडण्याची भीती आहे. महाडच्या डॉक्टरांनी तसे सांगितले. मुंबईला न्यायला वाट नाही, पावसात वाहून गेलेली रस्त्याची मोरी अजून बांधलेली नाही, आणि टोपलीत हिंदकळत नेली तर वाटेतच जीव जाईल असे मला वाटते.

आमच्याकडे राखणाऱ्याचा निम्मा वाटा असतो. पिल्ले जगली तर तुमचा हिस्सा तुम्ही म्हणाल तिथे पोचवीन. माझा हिस्सा मी मागत नाही, कारण राखण नीट केली नाही.

तुमचे उत्तर वेळेत येणार नाही हे मला कळते. तोवर माझ्या बुद्धीने वागेन. पण खबर मिळाली नाही असे तुम्हाला म्हणावे लागू नये.

गोमाजी कळंबे


मुंबई, ता. २९ जुलै

तीर्थरूप काका,

तुम्ही बाईंना लिहिलेले पत्र बंगल्यावर अठरा तारखेला आले. बाईंचे सगळे टपाल मीच घेतो आणि नवा पत्ता घालून विलायतेच्या बोटीला देतो. हे तुम्हाला ठाऊक नव्हते. पाकिटावरचे तुमचे अक्षर मी लगेच ओळखले.

ते पत्र मी अकरा दिवस ठेवून घेतले. आधी खाटेखाली, मग खिशात. एकदा चुलीपाशी नेले. माळी म्हणाला, "काय जाळतोस?" मी म्हटले, "काय नाय." परत खिशात ठेवले. एक बोट गेली. रोज वाटायचे की आज तुमचे पत्र येईल, ढवळी गेली असे लिहिलेले, आणि मग हे पाठवायची गरजच उरणार नाही. असे वाटले त्याची लाज वाटते.

खरे ते सांगतो. बाईंनी डॉलीला मुंबईबाहेर नेऊ नकोस म्हणून बजावले होते. उलट गावठी उपचार करू नयेत म्हणून डॉक्टरसाठी तीस रुपये दिले होते. ते मार्च संपायच्या आत संपले. दात, खेपा, बाटल्या. मग मी माझ्या पगारातून घातले. बावीस रुपये पगार, त्यातले कधी दहा, कधी बारा; डॉली गावी आल्यावरही डॉक्टरची उधारी फेडत राहिलो. घरी पाठवायला काही उरेना. बाईंना आणखी पैसे मागितले तर म्हणतील, महिपतने तीस रुपये खाल्ले. म्हणून मागितले नाहीत. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाला, आता रोज सुई टोचावी लागेल, आणि त्याचे मला परवडणार नव्हते. म्हणून टोपली तुमच्याकडे पाठवली. दुसरी चूल नाही, काका. पहिलीच धड पेटत नाही.

आज शनिवारच्या बोटीने तुमचे पत्र पाठवले. न फोडता. वरून मोठे पाकीट केले, त्यात माझेही एक घातले आहे, त्यात हे सगळे लिहिले आहे. आता खोली राहते की नाही ते बाईंच्या हाती. आवडीला वाचून दाखवायचे तर दाखवा.

महिपत


माथेवाडी, ता. १० ऑगस्ट

चि. महिपत,

ढवळी जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तुझा जीव टांगणीला लागू नये.

काल पहाटे तिने पोत्याचा कोपरा ओरबाडायला सुरुवात केली. दूध प्यायली नाही. उजाडता उजाडता कळा सुरू झाल्या. दहा वाजून गेले तरी काही नाही. नुसती आमच्याकडे बघायची. मी बाहेर जायचो, आत यायचो, पुन्हा बाहेर. शेवटी काकी ओरडली, "तुमी एका जागी बसा नाय तर गोठ्यात जा! तुमच्या येरझाऱ्यांनी तिचा दम तुटतो." मी गोठ्यात गेलो आणि तिथे येरझाऱ्या घातल्या.

हैबती आला होता. काल थट्टा नाही. ओसरीवर बसून पाणी तापवत होता, कोणी सांगितले नसताना. म्हणाला, "गोमाजी, माझा कुत्रा मी बांधायला होवा होता." मी जाळात लाकडे सरकवली.

दुपारी पिल्लाची नाकाडी दिसायला लागली, पण डोके पुढे येईना. माझी बोटे जाडी. शेळ्या सोडवल्या आहेत या हातांनी, पण इथे करंगळीही जाईना. काकीची नजर अधू. मग आवडी म्हणाली, "मामंजी, मी बघते." तिने हात गरम पाण्याने धुतले, खोबरेल लावले आणि दोन बोटे घातली. काकी तोंडी सांगत होती, "आता थांब. आता कळ येतेय. आता खाली, पोटाकडं ओढ. सरळ नाय गो, खाली!" पाच-सहा कळा गेल्या. ढवळी ओरडायचीसुद्धा थांबली. मला वाटले, संपले. आणि पिल्लू आले. भले थोरले, काळे. त्याच्यात जीव नव्हता. पुसले, तोंडात फुंकर घातली, उलटे धरले. नाहीच.

अर्ध्या तासाने दुसरे आले, ते उंदराएवढे. आपोआप आले आणि येताच चिरकले.

ढवळीला ताप आहे. चमच्याने पेज घालतो. ती पिल्लाला चाटते, हे बरे लक्षण.

तुझे पत्र मंगळवारीच आले होते. आवडीला वाचून दाखवले. सगळे. ती दळत होती. "पहिलीच धड पेटत नाही" इथे आलो तेव्हा जाते थांबले. मग म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचले. ती पुन्हा दळायला लागली. पण विहिरीवर गेली तेव्हा ज्या बाईने दुसऱ्या चुलीचे काढले होते तिला चारचौघींत काय ऐकवले, ते काकी मला नीट सांगत नाही, नुसती पदराआड हसते.

मी तुला पैशांवरून बोललो. तू उपाशी राहून दुसऱ्याच्या कुत्रीचे दात काढत होतास आणि मी तुला चोरात काढले. हे मला पचत नाही. घरच्या माणसांना सांगायला काय झाले होते, तेही मला पचत नाही. दोन्ही राहू दे.

गोमाजी


लंडन, ता. १५ ऑगस्ट १९३३

रा. रा. गोमाजी कळंबे यांस नमस्कार.

आपले पत्र आणि महिपतचे पत्र एकाच पाकिटातून मिळाले. हे उत्तर आपल्या हाती पडेल तेव्हा डॉली आहे की नाही, मला ठाऊक नाही. चार दिवस मी लेखणी हाती घेते आणि ठेवते. ती असेल असे समजून लिहिते.

आपण मला ओळखत नसताना खबर दिलीत. इतकी वर्षे मी तिच्या गळ्यात तो पट्टा हौसेने घालत होते. त्याने तिला त्रास होतो हे मला कोणी सांगितले नाही, आणि माझ्याही लक्षात आले नाही. पिल्ले जगली असतील तर ती सर्व आपली.

महिपतने पदरचे अडतीस रुपये घातले असे तो लिहितो. ते त्याला माझ्या पेढीवरून मिळतील. त्याची नोकरीही राहील. खोली मात्र मी ड्रायव्हरला देत आहे. मागल्या फाटकाची किल्ली त्या खोलीत असते, आणि ज्याला खरे सांगायला पाच महिने लागले त्याच्या हाती ती देऊन मला झोप येणार नाही. त्याने तेव्हाच विचारले असते तर मी लागतील तेवढे पैसे पाठवले असते. तो मला इतका का भ्याला, याचाही विचार मी करते आहे.

मी सोळा ऑक्टोबरला मुंबईस पोचेन. डॉली असेल तर तिला तोवर पाठवावे. नसेल तर कान पाठवू नका. आपला शब्द पुरेसा आहे. महिपतने त्याच्या पत्रात तुमच्याकडची ती रीत लिहिली आहे.

सौदामिनी नवलकर


माथेवाडी, ता. ८ ऑक्टोबर

चि. महिपत,

तुझे पत्र आणि मनीऑर्डर मिळाली. लिहितोस की खोली गेली, आता आवडीला कोणत्या तोंडाने बोलावू.

खोली माझ्या पत्राने गेली. बाईंचे उत्तर आवडीला वाचून दाखवले तेव्हापासून चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंड भिंतीकडे. मी तिच्याकडे बघायचो आणि उठून गोठ्यात जायचो. पाचव्या दिवशी माझ्यामागोमाग गोठ्यात आली. म्हणाली, "मामंजी, तुमच्या त्या कागदानं माझं घर ग्येलं." मी म्हटले, "होय गो." म्हणाली, "न लिवता राहिला असतात तर?" मी म्हटले, "तर तो अजून तुला खोटं लिहीत असता." ती गाईच्या पाठीवर हात फिरवून निघून गेली.

काल तुझे पत्र वाचले. "कोणत्या तोंडाने" ऐकल्यावर म्हणाली, "हाय तेच तोंड चालंल." आणि बोचके बांधायला घेतले. काकीने विचारले, "राहणार कुठं गो?" ती म्हणते, "भिकूच्या बिऱ्हाडात पडद्यापल्याड जागा हाय, अडीच रुपयं भाडं. पाच महिनं उपाशी राहून गप बसनारं मानूस, त्याला एकटं ठेवायचं नाय." भाड्याचे आणि प्रवासाचे पैसे तू पाठवलेल्यातूनच तिने काढून घेतले. मला विचारले नाही. मला ते आवडले.

ढवळी बरी आहे. तापातून उठायला महिना गेला. आता जोत्यावर उड्या मारते. तिला आवडीच बाईंच्या हाती देणार आहे. छातीची पट्टी कशी बांधायची आणि वाटी कशी बसवायची ते स्वतः दाखवीन म्हणते. पिल्लू इथेच राहील. ते आत्ताच आईएवढे झाले आहे आणि हैबती रोज त्याला बघायला येतो.

घर आजच मोठे वाटायला लागले आहे. सकाळपासून मी तीन वेळा अंगणात जाऊन आलो, कशासाठी ते आठवत नाही.

गुरुवारी त्या दोघी महाडहून मोटारीने धरमतरला आणि तिथून लाँचने निघतील. भिकूची म्हातारी बरोबर आहे. शुक्रवारी सकाळी लाँच लागायच्या आधी तू भाऊच्या धक्क्यावर उभा राहा. ढवळी आवडीच्या दोन्ही हातांत असेल. बोचके तू घे.

तुझा काका,
गोमाजी